कळ अंगावर काढू नका

माझ्या मोबाइलच्या कव्हरमागे घडी घातलेला एक कागद कायम असतो. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: सिकलसेल (तांबड्या पेशी वाकवणारा आनुवंशिक रक्ताचा आजार), एसएस (म्हणजे दोष आई-वडील दोघांकडून आलेला). एरवीचं हिमोग्लोबिन ८, एरवीचं ऑक्सिजन ९७. वजन. रोजच्या गोळ्या. दुखण्यावर कोणतं इंजेक्शन किती डोसमध्ये लागू पडतं, आणि कोणत्या औषधाने एकदा अंगभर पुरळ उठलं होतं. छातीत गुंतागुंत झाली होती ते साल. खाली दोन फोन नंबर, एक भावाचा आणि एक माझ्या डॉक्टरांचा. दर सहा महिन्यांनी हा कागद मी नव्याने लिहिते, कारण वजन बदलतं, डोस बदलतात. कळ शिगेला पोचली की माझ्या तोंडून धड शब्द फुटत नाही. तेव्हा माझ्या वतीने हा कागद बोलतो. घरात सिकलसेलचं कुणी असेल तर आधी असा कागद करा, मग पुढचं वाचा. त्यावर तुमच्या डॉक्टरांची सही घेता आली तर फारच चांगलं.

मी ३६ वर्षांची आहे. पहिला क्रायसिस, म्हणजे कळीचा पहिला झटका, मला आठवत नाही, आईला आठवतो. मी नऊ महिन्यांची होते, दोन्ही हातांची बोटं फुगून आली आणि मी हाताला हात लावू देईना. पुष्कळ बाळांमध्ये हा आजार असाच, हातापायांच्या सुजेने, पहिल्यांदा दिसतो. जन्मानंतर काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळून घेतं, ते कमी झालं की दुखणं सुरू होतं.

मी १९ वर्षांची असताना परीक्षेच्या आदल्या रात्री बरगड्यांत दुखायला लागलं. घरच्यांना उठवायला नको म्हणून मी उशी दातात धरून पडून राहिले. दुखतं म्हणून श्वास वरवर घेत होते. सकाळी उठले तेव्हा ताप होता आणि चार पावलं चालले तरी धाप लागत होती. छातीत गुंतागुंत झाली होती, डॉक्टर तिला अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. अकरा दिवस दवाखान्यात गेले. तेव्हापासून एकच गोष्ट मी भेटेल त्या प्रत्येक सिकलसेलवाल्याला सांगते: कळ अंगावर काढायची नाही. सहन करण्याला आपल्याकडे मोठा मान आहे, पण या आजारात सहन करत बसण्याने काहीही वाचत नाही. औषध लवकर पोटात गेलं तर कमी औषधात भागतं. उशीर झाला तर तेच दुखणं आवरायला दुप्पट लागतं.

आत काय चाललेलं असतं

हे थोडक्यात कळलं तर पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. आपल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक घटक बदललेला असतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढ्यानेच हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दोरासारखे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि ताठर होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आपली दहा ते वीस दिवस. अशा पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकल्या की पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. हाडाच्या आतला मगज ऑक्सिजनवाचून तडफडतो, ती आपली कळ. म्हणून ती वरून दिसत नाही. पुष्कळदा सूज नाही, जखम नाही, आणि माणूस ओरडतोय. घानातल्या गा भाषेत या आजाराचं नाव ‘च्वेच्वीच्वे’ असं आहे. तोच तोच आवाज पुन्हा पुन्हा. ज्याला कळ माहीत आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पाणी कमी पडलं की पेशी जास्त लवकर वाकतात. थंडीने रक्तवाहिन्या आखडतात. ताप, जंतुसंसर्ग, अतिश्रम, उंचावरची विरळ हवा, मनावरचा ताण, काही जणींना पाळी, ही सगळी निमित्तं. आणि पुष्कळदा काहीच निमित्त नसतं. मुलाला ‘तूच पाणी प्यायला नाहीस, तूच पावसात भिजलास’ असं कळ चालू असताना कधीही म्हणू नका. पुढच्या वेळी तो दुखणं लपवेल.

पहिला तास

माझी कळ एकदम येत नाही. आदल्या दिवशी डोळे एरवीपेक्षा पिवळे दिसतात, विनाकारण थकवा येतो, चिडचिड होते. मग मांडीच्या हाडात आतून बारीक कुरतडल्यासारखं सुरू होतं. प्रत्येकाची खूण वेगळी. लहान मूल सांगू शकत नाही, ते एक हात वापरणं बंद करतं, खेळता खेळता गप्प बसतं किंवा उचलून घेतलं की रडतं. दोन-तीन क्रायसिस नीट टिपून ठेवले की तुमच्या घरची खूण तुम्हाला ओळखता येईल.

कुरतड सुरू झाली की हातातलं काम तिथेच थांबवा. पहिली गोष्ट, गोळी घेण्याच्या आधी ताप मोजा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पॅरासिटामॉल तापही उतरवते, आणि मग आत जंतुसंसर्ग असला तरी थर्मामीटर सगळं ठीक असल्याचं सांगतो. सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे काही जंतू काही तासांत रक्तात पसरू शकतात. ताप १०१ फॅरनहाइट किंवा वर असेल तर घरचे उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. दुखणं कितीही कमी असलं तरी.

ताप नसेल तर पुढच्या गोष्टी स्वतःला विचारा किंवा सोबतच्या माणसाने तपासाव्यात. यातलं एकही ‘हो’ असेल तर घरी थांबायचं नाही:

छातीत दुखतंय, खोकला आहे किंवा धाप लागतेय. ओठ-नखं निळसर दिसताहेत किंवा ऑक्सिजन एरवीपेक्षा घसरलाय. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोबडं बोललं जातंय, अचानक नीट दिसेना किंवा डोकं भयंकर दुखतंय. मूल अचानक पांढरंफटक पडलं आणि पोट, विशेषतः डाव्या बरगडीखाली, फुगलं, म्हणजे रक्त प्लीहेत अडकलं असू शकतं. एखाद्या सांध्याला लालबुंद, गरम सूज आहे. उलट्यांमुळे पाणीही टिकत नाही. गर्भारपण आहे. आणि मुलगे लाजून सांगत नाहीत म्हणून स्पष्ट लिहिते: लिंग दुखरं आणि ताठ राहिलं आणि दोन तासांत उतरलं नाही तर ताबडतोब निघा. चार तास उलटले तर कायमचं नुकसान होऊ शकतं. घरातल्या मुलाला हे आधीच, शांतपणे, बापाने किंवा मोठ्या भावाने सांगून ठेवावं.

यातलं काही नसेल तर गोळी. कोणती आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनी बऱ्या दिवसांत लिहून दिलेलं असायला हवं. साधारण रीत अशी: सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉल, त्याच्या जोडीला आयबुप्रोफेनसारखी गोळी, त्यानेही भागलं नाही तर डॉक्टरांनी दिली असेल ती ओपिऑइड (मॉर्फिनच्या) जातीची गोळी. काही गोष्टी मात्र कुणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. मोठ्या माणसाला दिवसात ४ ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये, लिव्हरचा त्रास असेल किंवा वजन कमी असेल तर आणखी कमी. आयबुप्रोफेन उपाशीपोटी घेऊ नका. आपल्या किडन्या आधीच नाजूक असतात, म्हणून किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी घ्यायचीच नाही. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

पहिले एक-दोन दिवस गोळी घड्याळाप्रमाणे घ्या. दुखणं पुन्हा वर चढेपर्यंत थांबलात की प्रत्येक वेळी पहिल्यापासून झुंजावं लागतं. मी पाठकोऱ्या कागदावर वेळ, गोळी आणि दुखण्याचा शून्य ते दहा आकडा लिहिते. रात्री भाऊ उठून विचारतो, “ताई, आकडा सांग.” तो तेवढंच विचारतो आणि लिहितो. अर्धवट झोपेत गोळी घेतली की नाही हे आठवत नाही, आणि दोनदा घेतली जाण्याचा धोका खरा आहे. ओपिऑइड घेतल्यावर माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल तर ती गाढ झोप समजू नका, तातडीने मदत मिळवा.

पाण्याबद्दल एक चुकीचा सल्ला सगळीकडे मिळतो: लघवी पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजा. हे निरोगी माणसाला ठीक आहे. आपल्या किडनीची लघवी घट्ट करण्याची ताकदच कमी झालेली असते, त्यामुळे शरीर कोरडं पडत असतानाही लघवी पाण्यासारखी दिसू शकते. उलट पेशी जास्त फुटल्या तर पाणी भरपूर पिऊनही ती गडद दिसते. म्हणून रंगावर विसंबू नका, मोजून प्या. मला डॉक्टरांनी दिवसाला ३ लिटर ठरवून दिलंय. मी सकाळी बाटल्या भरून ओळीने ठेवते. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर तुमचा आकडा डॉक्टरांनाच विचारा.

शेक ऊबदार हवा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, वीसेक मिनिटं, मग जागा बदलून. माझ्या पोटरीवर तांबूस-काळा डाग आहे. गोळीच्या गुंगीत पिशवी तशीच राहिली आणि कातडी भाजली ते कळलंच नाही. त्यामुळे पिशवी घेऊन झोपू नका. बर्फ मात्र कधीच लावायचा नाही. मैदानात मूल पाय धरून बसलं की लोक प्रेमाने बर्फ किंवा थंड स्प्रे घेऊन धावतात. शाळेतल्या शिक्षकांना आणि खेळाच्या सरांना हे लेखी देऊन ठेवा.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २३२ प्रौढांनी रोज दुखण्याची डायरी लिहिली. निम्म्याहून जास्त दिवस दुखण्याचे होते, आणि त्यातले बहुतेक लोकांनी घरीच काढले होते. दवाखान्यात दिसतो तो या आजाराचा लहानसा तुकडा. म्हणून घरचा हा पहिला तास इतका लांबवून लिहिला.

निघायचं कधी, आणि तिथे काय बोलायचं

आमच्या घरचा नियम असा: सगळ्यात जोरकस गोळीचे दोन डोस वेळेवर होऊनही आकडा सातच्या खाली येत नसेल तर निघायचं. तुमचा नियम वेगळा असेल, पण तो बऱ्या दिवशी ठरलेला असावा. रात्री दोन वाजता ‘अजून थोडं बघू’ म्हणणारा माणूस प्रत्येक घरात असतो. सोबत कागद, फाइल, औषधांची वेळ लिहिलेला चिठोरा, चादर आणि मोजे घ्या, कारण दवाखान्यातला एसी आपला वैरी आहे.

कळ मोजणारी रक्ततपासणी अस्तित्वात नाही. नाडी आणि रक्तदाब अगदी ठीक असतानाही आकडा नऊ असू शकतो. आयुष्यभर दुखणं सोसलेला माणूस ओरडत नाही, तो मोबाइलकडे बघत मन दुसरीकडे वळवतो, आणि त्यालाच लोक खोटं समजतात. एकदा एका ड्युटीवरच्या डॉक्टरांनी माझ्यासमोरच नर्सला सांगितलं, “यांना इंजेक्शनची सवय लागलीय.” मी नावाने औषध मागितलं होतं, एवढंच. मी पाच तास स्ट्रेचरवर होते. त्या रात्री भाऊ बाहेर जाऊन रडला.

तेव्हापासून आम्ही भांडत नाही, ठरलेली वाक्यं बोलतो. “हिला सिकलसेल आहे, एसएस. दुखणं पहाटे चारपासून. घरी या वेळांना या गोळ्या झाल्या. आकडा नऊ. मागच्या वेळी या औषधाने चारवर आला होता. हा डॉक्टरांचा कागद.” औषधाच्या नावाच्या आधी वेळा आणि घरी केलेले उपाय सांगितले की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. ब्रिटनच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पोचल्यापासून ३० मिनिटांत वेदनाशामक मिळावं. अमेरिकन हिमॅटॉलॉजी सोसायटी या रक्तविकाराच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या २०२० च्या सूचनांत तासाभराची मर्यादा आहे आणि दर ३० ते ६० मिनिटांनी पुन्हा तपासून डोस ठरवायला सांगितलंय. हे नम्रपणे दाखवायला हरकत नाही.

सवयीबद्दलही स्पष्ट असू द्या. पुन्हा पुन्हा घ्यावं लागल्यामुळे शरीराला जास्त डोस लागणं वेगळं, आणि व्यसन वेगळं. व्यसनाचा धोका कुठल्याही ओपिऑइडमध्ये असतो, म्हणून ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं आणि घरी कुलपात ठेवायचं. पण त्या भीतीपोटी कळीने तळमळणाऱ्याला औषध नाकारणं हा अन्याय आहे. मी हे वाक्य पुन्हा लिहायला तयार आहे.

वॉर्डात काही गोष्टींवर नातेवाईकांनी लक्ष ठेवावं. सलाइन जितकी जास्त तितकं चांगलं, हा समज चुकीचा. प्रमाणाबाहेर पाणी शिरेतून गेलं तर ते फुप्फुसात उतरतं. रक्त चढवा म्हणून आग्रह धरू नका. गुंतागुंत नसलेल्या साध्या कळीला रक्त लागत नाही, हिमोग्लोबिन एकदम वाढलं तर रक्त घट्ट होऊन त्रास वाढतो. ऑक्सिजनची नळी सगळ्यांनाच लागत नाही, पातळी घसरली तरच. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने क्षणभर बरं वाटून कळ उलटू शकते, तेव्हा कुणी सुचवलं तर तुमच्या सिकलसेलच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

श्वासाचा व्यायाम मात्र कुणी आठवण करून देवो न देवो, तुम्ही स्वतः करा. तीन छोट्या चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र, स्पायरोमीटर, मागून घ्या. जागं असताना दर दोन तासांनी दहा खोल श्वास. बरगड्या दुखत असताना हे नकोसं वाटतं, म्हणून वेदनाशामक घेतल्यावर अर्ध्या तासाने करा. छातीची गुंतागुंत पुष्कळदा कळीसाठी दाखल झाल्यानंतर दोन-तीन दिवसांनी सुरू होते, सगळ्यांना वाटतं आता उतार पडलाय तेव्हा. ओपिऑइडने पोटही बांधलं जातं, पोट साफ होण्याचं सौम्य औषध पहिल्या दिवसापासून मागा.

कळी कमी याव्यात म्हणून

इथे मी एकाच गोष्टीवर थांबणार आहे, हायड्रॉक्सीयुरिया. ही रोजची गोळी गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, आणि ते असलं की पेशी वाकायला अटकाव होतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या २९९ प्रौढांच्या चाचणीत कळींचं प्रमाण ४४ टक्क्यांनी घटलं होतं. मी ती घ्यायला लागल्यापासून वर्षाला सहा वेळा दाखल व्हायचे ते एक-दोनवर आलं. ती कॅन्सरवरही वापरतात म्हणून लोक घाबरतात, मीही घाबरून दोन वर्षं फुकट घालवली. परिणाम दिसायला काही महिने लागतात, तेव्हा महिनाभरात ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका. रक्तातल्या पेशी ठरल्या वेळी मोजून घ्याव्या लागतात, आणि मूल हवं असेल तर स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. लसी वेळेवर, सिगारेट-दारू बंद, भिजलं की लगेच कोरडे कपडे. बाकीचं तुम्हाला माहीत आहे. खुब्याचं दुखणं क्रायसिस ओसरल्यावरही आठवडे-महिने राहिलं, लंगडत चालावं लागलं, तर खुब्याच्या हाडाची तपासणी मागा, तिथला रक्तपुरवठा तुटून हाड झिजत असू शकतं.

आता सोबत बसणाऱ्यांसाठी. कळ चालू असताना ‘आता कसं वाटतंय’ असं दर पाच मिनिटांनी विचारू नका, बोलायलाही ताकद लागते. दिवा मंद करा, पंखा अंगावरून काढा. पाणी ग्लासात न देता स्ट्रॉ घालून ओठांशी धरा. दुखरा पाय उशीवर ठेवायचा असेल तर टाचेला धरून उचलू नका, सगळा भार त्या हाडावर येतो. एक तळहात गुडघ्याखाली, दुसरा पोटरीखाली, आणि उचलण्याआधी ‘उचलतेय’ म्हणून सांगा. आई मग हात लगेच काढत नाही, पाय उशीत पूर्ण टेकेपर्यंत तसेच राहू देते.